आई-बाबांना नॉर्दर्नच्या गाड्यांनी फिरवावं का? (लीड्स आणि आसपास)

ठाण्याची_वैदेही | ११ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी चार वर्षांपासून इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आहे. जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत, तीन आठवड्यांसाठी. नवऱ्याचं म्हणणं, मोटार भाड्याने घेऊ आणि फिरू. माझ्या मनात वेगळंच आहे. बाबा कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म इंजिनांच्या पोटात डोकं घालून काढलेल्या माणसाला मागच्या सीटवर पट्टा लावून बसवायचं आणि हायवे दाखवायचा, हे मला पटत नाही. रेल्वे जिथे जन्मली त्या मुलखात ते येतायत. त्यांना रेल्वेनेच फिरवावं.

आमच्या भागातल्या छोट्या अंतराच्या बहुतेक गाड्या नॉर्दर्न या रेल्वे कंपनीच्या. पण ऑफिसात हे नाव काढलं की लोक डोक्याला हात लावतात. मी स्वतः ऑफिसला चालत जाते, त्यामुळे अनुभव नाही. तर विचारायचं असं:

ज्येष्ठ माणसांना घेऊन नॉर्दर्नच्या भरवशावर दिवसभराच्या सहली आखाव्यात का? आणि बाबांसारख्या माणसाने काय पाहिलंच पाहिजे?

आईचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्या.

---

मँचेस्टरचा_मन्या | ११ मे, रात्री १०:०२

मोटार घ्या. रविवारी तर नक्कीच.

---

हेब्डनकर | ११ मे, रात्री १०:३१

मन्या, एवढ्यात निकाल देऊ नकोस रे.

वैदेही, मी अकरा वर्षं हेब्डन ब्रिजला राहतो. लायसन्स आहे, मोटार नाही. माझं सगळं आयुष्य या गाड्यांवर चाललंय. लीड्स-मँचेस्टर काल्डर खोऱ्यातून जाणारी आमची लाइन एकदा जरूर करा. डोंगर, कालवा, दगडी गिरण्या आणि दर पाच-दहा मिनिटांनी एक स्टेशन. कर्जत-खोपोलीला पावसात गेला असाल तर इथला हिरवा रंग ओळखीचा वाटेल.

आईंच्या गुडघ्यांचं म्हणाल तर नव्या गाड्या, म्हणजे १९५ आणि ३३१ या वर्गाच्या, चढाउतरायला बऱ्या आहेत. स्पेनच्या काफ कंपनीने बनवलेल्या, जुलै २०१९ पासून धावतायत. जुन्या १५० आणि १५६ अजून आहेत. त्यांत पायरी आणि फलाट यांच्यात अंतर पडतं. गार्डला सांगितलं की तो उतरून हात देतो. हे मी ऐकीव सांगत नाही, दर आठवड्याला बघतो.

---

अण्णा_प्रेस्टन | ११ मे, रात्री ११:१५

लोक डोक्याला हात का लावतात ते सांगतो, म्हणजे नवीन माणसाला संदर्भ कळेल.

२० मे २०१८ ला वेळापत्रक बदललं. बोल्टनमार्गे प्रेस्टनपर्यंत विद्युतीकरण वेळेत व्हायचं होतं, ते झालं नाही. त्यामुळे विजेच्या गाड्यांच्या हिशेबाने केलेली आखणी ऐनवेळी मोडावी लागली. चालकांना नव्या मार्गांचं आणि गाड्यांचं प्रशिक्षण पुरं झालेलं नव्हतं. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की चालक म्हणजे कुठलीही गाडी कुठेही नेणारा माणूस. तसं नसतं. ज्या मार्गाचं रीतसर ज्ञान घेतलं नाही त्यावर त्याला गाडी नेता येत नाही. मग रोज शेकड्यांनी फेऱ्या रद्द. शेवटी ४ जूनपासून तात्पुरतं वेळापत्रक आलं, त्यात दिवसाच्या १६५ फेऱ्या अधिकृतपणेच कमी केल्या. विंडरमियरची शाखा तर पूर्ण बंद, आणि तीही पर्यटनाच्या हंगामात! त्या शाखेवर मग वेस्ट कोस्ट रेल्वेज या वारसा-गाड्या चालवणाऱ्या कंपनीने जुने डबे आणून दोन आठवडे शटल चालवली.

तो राग लोकांच्या डोक्यात अजून आहे, आणि तो खोटा नाही. त्या महिन्यात मुलांच्या परीक्षा होत्या, लोकांच्या नोकऱ्या पणाला लागल्या होत्या.

---

प्रतिवाद | १२ मे, सकाळी ७:५०

अण्णा, माहिती बरोबर आहे पण ती कंपनी आता नाही, हे लिहायला हवं. २०१८ मध्ये चालवत होती अराइव्हा, म्हणजे डॉइश बान या जर्मनीच्या सरकारी रेल्वेची उपकंपनी. त्याआधी २००४ पासून २०१६ पर्यंत सर्को आणि अबेलिओ, पैकी अबेलिओ डच सरकारी रेल्वेची. अराइव्हाचं कंत्राट काढून १ मार्च २०२० पासून ब्रिटिश सरकारने गाड्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. नाव तेच राहिलं. रंगही साधारण तेच.

म्हणजे १९९३ च्या कायद्याने रेल्वेचं खासगीकरण झालं आणि उत्तर इंग्लंडमधल्या या गाड्या चालवल्या कुणी? २००४ पासून आधी सर्कोबरोबर डच सरकारच्या आणि मग जर्मन सरकारच्या कंपनीने! इथल्या सरकारची पाळी शेवटी आली. मी हिशेबनीस आहे, मला ही गोष्ट दहा वर्षं खुपत होती.

---

निखळ | १२ मे, सकाळी ८:२०

सरकारकडे आली म्हणून सुधारली असं म्हणायचंय का? ऑक्टोबर २०२४ मध्ये मँचेस्टरच्या महापौरांसमोरच्या बैठकीत कबुली दिली ना, की कर्मचाऱ्यांना निरोप पाठवायला अजून फॅक्स वापरतात म्हणून.

---

मँचेस्टरचा_मन्या | १२ मे, सकाळी ८:२६

फॅक्स!! माझ्या मुलाला फॅक्स म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला.

---

प्रतिवाद | १२ मे, सकाळी ९:०५

निखळ, नाही. मालक बदलला की रूळ सुधारत नाहीत. रूळ, सिग्नल नेटवर्क रेल या वेगळ्या सरकारी संस्थेचे. गाड्याही कंपनीच्या नसतात, त्या भाड्याने देणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. गाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या हातात वेळापत्रक, माणसं आणि तिकिटं. त्यातही तिकिटांचे नियम बरेचसे वरून येतात. लोकांना वाटतं गाडीवर नाव आहे म्हणजे सगळं त्यांचंच. एसटीच्या रस्त्यावरचे खड्डे एसटीने बुजवावेत असं म्हणण्यासारखं झालं ते.

माझा मुद्दा एवढाच की नफा मिळणारच नाही अशा लाइनी कुणीतरी लोकांसाठी म्हणून चालवायच्या असतात. त्या कंत्राटावर देऊन सात-दहा वर्षांनी नव्याने बोली लावायची, यात स्टेशनच्या फलाटाकडे कुणी मन लावून बघत नाही. आता २०२४ च्या कायद्यानंतर इतर कंपन्याही मुदत संपेल तशा सरकारकडे येतायत. २५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न आली. नॉर्दर्न त्या वाटेने आधीच चाललेली आहे.

---

निखळ | १२ मे, सकाळी ९:४०

सातव्या वर्षी कुणी मन लावत नाही हे मान्य. पण स्पर्धा नसली की पहिल्या वर्षीही लावत नाहीत. नोकरशाहीचा अनुभव आपण मराठी माणसांनी कमी घेतलाय का?

---

बॅरोची_सिस्टर | १२ मे, दुपारी २:१०

तुमची चर्चा चालू द्या, मी वैदेहीला उत्तर देते.

मी बॅरोला परिचारिका आहे. उशिराच्या पाळीहून घरी जाताना शेवटच्या गाडीत कधीकधी मी आणि अजून दोन-तीन माणसं असतो. बाहेर काळोख, एका बाजूला खाडीचं पाणी. अशा वेळी गाडीत गार्ड असतो ही गोष्ट किती मोठी आहे ते मला विचारा. तो एक फेरी मारतो, 'ऑल राइट लव्ह?' म्हणतो आणि पुढे जातो. एवढंच. २०१७ ते २०१९ या काळात याच कारणासाठी युनियनने किती शनिवार संप केले! तेव्हा लोक वैतागले होते, पण गार्ड राहिले. मी त्यांच्या बाजूने होते आणि आजही आहे.

वैदेही, आई-बाबांना घेऊन आमच्याकडे ये. लँकेस्टरहून बॅरोकडे येताना आर्नसाइडच्या पुलावरून गाडी खाडी ओलांडते. भरती असेल तर रुळाच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. पुढे बॅरोहून कार्लाइलपर्यंत समुद्राच्या कडेकडेने लाइन जाते. काही स्टेशनं 'रिक्वेस्ट स्टॉप' आहेत. फलाटावर उभं राहून चालकाला हात करायचा, तरच गाडी थांबते. उतरायचं असेल तर आधी गार्डला सांगायचं.

---

गाडीवेडा_डोंबिवली | १२ मे, दुपारी ३:३०

सिस्टर, म्हणजे आपला एसटीचा 'विनंती थांबा'! रेल्वेला हात दाखवून थांबवायची कल्पनाच डोंबिवलीकराला सहन होत नाही. आम्ही हात दाखवला तर आतले लोक तो आत ओढून घेतात.

मी इंग्लंडला कधी आलेलो नाही, पण या कंपनीच्या गाड्यांचा अभ्यास वीस वर्षांचा आहे. कुणी पेसरबद्दल लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९८० च्या दशकात पैशांची चणचण होती तेव्हा ब्रिटिश रेलने, म्हणजे खासगीकरणाआधीच्या सरकारी रेल्वेने, लेलँड नॅशनल बसचे सुटे भाग घेऊन मालडब्यासारख्या दोन आसांच्या सांगाड्यावर डबे बसवले. बोगी, म्हणजे डब्याखालचा वळणारा चाकांचा गाडा, नाही! चार चाकं, बस्स. वळणावर चाकं अशी किंचाळायची की गावाला गाडी आल्याचं कळायचं. वीसेक वर्षांसाठी म्हणून बनवल्या, नॉर्दर्नकडे नोव्हेंबर २०२० पर्यंत धावल्या. शब्दशः रुळावरचा लाल डबा.

---

हेब्डनकर | १२ मे, सायं. ६:०५

लाल डबा +१. मी पेसरने हजारदा तरी गेलो असेन. बाकंही बसचीच होती. सांध्यावरून गेली की चहा कपातून बाहेर यायचा. शेवटच्या दिवसांत मुद्दाम एक फेरी मारून आलो. तिच्यावर लोकांनी टीका केली ती योग्यच होती, अपंगांना त्यात चढता यायचं नाही. पण त्या स्वस्त डब्यांमुळे ज्या शाखा बंद पडायच्या त्या तगल्या, हेही मी म्हणेन. गाडी वाईट होती, पण गाडी होती.

---

रुळावरचा | १२ मे, रात्री ९:२०

सेटल-कार्लाइल कुणी सांगितलं नाही अजून?! वैदेही, बाकी सगळं सोडलंत तरी चालेल, ही लाइन सोडू नका.

लीड्सहूनच थेट गाडी मिळते, कार्लाइलपर्यंत पावणेतीन तासांच्या आसपास. गाडी साधी, बहुतेकदा दोन डब्यांची १५८. जाताना डाव्या बाजूला बसा. सेटल सोडलं की चढ सुरू होतो, त्याला इथले लोक 'लाँग ड्रॅग' म्हणतात. शंभरात एक, म्हणजे शंभर फुटांना एक फूट. बाबांना सांगा, ते हसतील, कारण आपला बोरघाट सदतिसात एक. पण इथे तो चढ मैलोन्मैल संपतच नाही. मग रिबलहेडचा पूल, २४ कमानी, वारा असा की डबा हलतो. पुढे डेंट, इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सगळ्यात उंच स्टेशन, ११५० फूट. गाव स्टेशनापासून चार मैल लांब आणि बरंच खाली.

१८६९ पासून सहा-सात वर्षं हजारो मजूर या माळावर झोपड्या बांधून राहिले. देवीचा रोग आणि अपघात यांनी इतके गेले की चॅपल-ल-डेलच्या छोट्या चर्चची जागा अपुरी पडली. मी तिथे जाऊन आलोय. त्या कबरींवर नावं नाहीत. मला तिथे बोरघाट आठवला. त्याच्या बांधकामात, १८५६ ते १८६३, पटकीने आणि अपघातांनी किती हजार माणसं मेली! त्यांच्यासाठी तर नाव नसलेली कबरसुद्धा नाही.

---

सुगरण_सविता | १२ मे, रात्री ९:४५

रुळावरचा, अंगावर काटा आला. आमचे पणजोबा खंडाळ्याला गँगमन होते असं घरी सांगायचे. मी कधी त्या नजरेने घाटाकडे पाहिलंच नव्हतं.

---

रुळावरचा | १२ मे, रात्री १०:३०

सविताताई, खंडाळ्याच्या उतारावर आजही गँगमन पावसात रात्री पहारा देतात. पणजोबांबद्दल काही माहिती असेल तर वेगळा धागा काढाच.

सेटल-कार्लाइलचं अजून एक राहिलं. १९८० च्या दशकात ही लाइन बंद करायचं ठरलं होतं. पूल दुरुस्तीला खर्च फार, प्रवासी कमी. लोक उठले. हरकतींच्या सह्यांमध्ये रस्वार्प नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता आणि तो ग्राह्य धरला गेला, कारण तोही भाडं भरणारा प्रवासी होता. त्याचा मालक ग्रॅहम नटॉल लाइन वाचवणाऱ्या मंडळींपैकी एक. एप्रिल १९८९ मध्ये लाइन वाचली. जानेवारी १९९० मध्ये नटॉल वेल्सच्या डोंगरात फिरायला गेले आणि परत आले नाहीत. अकरा आठवड्यांनी मृतदेह सापडला. कुत्रा तोवर शेजारीच बसून होता. गार्सडेल स्टेशनच्या फलाटावर त्याचा पुतळा आहे. गाडी थांबली की खिडकीतून बघा.

---

ठाण्याची_वैदेही | १२ मे, रात्री ११:१०

मी रडतेय. गार्सडेल यादीत पहिलं.

---

अण्णा_प्रेस्टन | १३ मे, सकाळी ६:४५

आता व्यवहाराचं बोलू.

१. रविवार टाळा. उगाच भीती घालत नाही, कारण सांगतो. वायव्य भागातल्या गार्डांच्या करारात रविवार कामाच्या आठवड्यात धरलेलाच नाही, तो स्वेच्छेचा जादा दिवस. माणसं आली नाहीत की गाड्या रद्द. हा करार ब्रिटिश रेलच्या काळापासून चालत आलाय. तुमच्या पूर्वेकडच्या बाजूला परिस्थिती बरी असते, तरी आदल्या रात्री तपासा.

२. दोघांनाही 'सीनियर रेलकार्ड' काढा, साठीच्या पुढच्या कुणालाही मिळतं. तिकीटखिडकीवर पासपोर्ट दाखवून काढता येतं. एक तृतीयांश सूट.

३. तिकीट गाडीत बसण्याआधीच. फलाटावर यंत्र असेल आणि तुम्ही तिकीट न घेता चढलात तर २३ जानेवारी २०२३ पासून दंड १०० पौंड अधिक तिकिटाचे पैसे. २१ दिवसांत भरला तर निम्मा.

४. उशीर झाला तर 'डिले रीपे'. पंधरा मिनिटांपासून पैसे परत मिळायला सुरुवात होते, एकेरी तिकिटाच्या पाव हिस्सा, अर्ध्या तासाला निम्मे, तासाला पूर्ण. अर्ज फोनवरून दोन मिनिटांत होतो. तिकीट फेकू नका.

---

निखळ | १३ मे, सकाळी ८:१५

दंडावरून आठवलं. तरुणांनी नीट वाचा. १६-२५ च्या रेलकार्डाला सोमवार ते शुक्रवार सकाळी दहापर्यंत किमान १२ पौंडांचं भाडं लागतं. ज्यांनी हे न कळून 'कधीही चालेल' असं लिहिलेलं स्वस्त तिकीट घेतलं, त्यांच्यावर दोन पौंडांपेक्षाही कमी फरकासाठी खटले भरले गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात हे गाजलं आणि नॉर्दर्नने ते खटले मागे घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुख्य दंडाधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांचे हजारो खटले रद्दबातल ठरवले होते, कारण ज्या झटपट पद्धतीने ते चालवले ती त्या गुन्ह्यांना लागूच नव्हती.

प्रतिवाद, तुमच्या सरकारी कंपनीची ही गोष्ट. मालक कोण यापेक्षा सामान्य माणसाला तिकिटाचा नियम वाचून कळतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

---

प्रतिवाद | १३ मे, सकाळी ८:५०

निखळ, यावर शंभर टक्के सहमत. परदेशातून शिकायला आलेल्या पोरापोरींची तर यात फार कुचंबणा होते. व्हिसाच्या अर्जात गुन्ह्याची नोंद लिहावी लागेल या भीतीने माझ्या भाचीने दोन महिने नीट झोप घेतली नाही. (ती रेल्वे कंपनी वेगळी होती, नाव लिहीत नाही. प्रकरण मिटलं.)

---

बॅरोची_सिस्टर | १३ मे, दुपारी १:००

भाचीला माझा आशीर्वाद सांगा.

---

गाडीवेडा_डोंबिवली | १३ मे, रात्री ९:५५

वैदेही, काल रात्री झोपताना तुमचा पहिला प्रतिसाद परत वाचला आणि उठून बसलो. बाबा कल्याण शेडचे ना? मग त्यांना न्यूटन-ल-विलोजला न्यायलाच हवं!

तिथे व्हल्कन फाउंड्री होती, रेल्वे इंजिनांचा कारखाना. १८३० मध्ये चार्ल्स टेलर यांनी काढली, पुढे रॉबर्ट स्टीफन्सन भागीदार झाले. बोरीबंदर ते ठाणे १६ एप्रिल १८५३ ला जी गाडी धावली, त्या जीआयपीआर (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीची पहिली आठ इंजिनं १८५२ मध्ये तिथे बनली. म्हणजे भारतात आलेलं पहिलं रेल्वे इंजिन व्हल्कनचं.

आणि आपल्या घाटातला 'खेकडा'! डब्ल्यूसीजी-१ नावाची विजेची इंजिनं. काही स्वित्झर्लंडमध्ये बनली, उरलेली बहुतेक सगळी व्हल्कनमध्ये. १९२८ च्या सुमारास आली आणि कसारा-खंडाळ्याला मालगाड्या ओढू लागली. कल्याण शेड तर त्यांचं घर.

---

रुळावरचा | १३ मे, रात्री १०:२०

एक दुरुस्ती. भारतातलं पहिलं इंजिन रुरकीचं 'थॉमसन', १८५१ अखेर, सोलानी जलसेतूच्या कामावर माती ओढायला. जीआयपीआरची इंजिनं प्रवासी गाडीची पहिली. बाकी सगळं मान्य, आणि सूचना झकास आहे.

---

गाडीवेडा_डोंबिवली | १३ मे, रात्री १०:२५

दुरुस्ती मान्य. ठाणेकरांसाठी आमचंच पहिलं.

---

ठाण्याची_वैदेही | १३ मे, रात्री ११:४०

आत्ता बाबांना फोन केला. इकडे पावणेबारा, तिकडे पहाटेचे सव्वाचार. ते चारलाच उठतात, शेडची सवय. मी फक्त "खेकडा आठवतो का?" एवढं विचारलं. वीस मिनिटं बोलत होते. १९७९ ला लागले तेव्हा खेकडे घाटातून निघाले होते, शंटिंगला असायचे. चालताना कण्हल्यासारखा आवाज करायचे, म्हणे. "त्याच्या अंगावर पितळी पाटी असायची, ती आम्ही पुसायचो. त्यावर न्यूटन असं काहीतरी होतं. मला वाटायचं शास्त्रज्ञ न्यूटनचं नाव दिलंय."

नवऱ्याने मोटारीचं बुकिंग रद्द केलं आहे.

---

मँचेस्टरचा_मन्या | १४ मे, सकाळी ७:३०

मी माझा सल्ला मागे घेतो. न्यूटनला याल तेव्हा मँचेस्टरवरूनच जाल, व्हिक्टोरिया स्टेशनवर थांबा, माझ्याकडून थालीपीठं घेऊन जा. व्हल्कन कारखाना २००२ मध्ये बंद झाला, पाडून तिथे घरं झाली आहेत. पण कामगारांसाठी बांधलेलं 'व्हल्कन व्हिलेज' अजून उभं आहे. अर्ल्सटाउनला उतरा, चालत साधारण अर्धा तास. आईंसाठी टॅक्सी करा. अर्ल्सटाउन स्टेशनही बघण्यासारखं, तीन बाजूंना फलाट असलेलं त्रिकोणी स्टेशन आणि जुनी दगडी इमारत. जवळच सँकीचा नऊ कमानींचा पूल, जॉर्ज स्टीफन्सनचा.

---

संपादक_मंडळ | १४ मे, सकाळी ९:००

खासगीकरणावरची चर्चा चांगली चालली आहे, पण ती वेगळ्या धाग्यावर न्यावी ही विनंती. इथे प्रवासाची माहिती राहू द्या.

---

ठाण्याची_वैदेही | २९ जून, रात्री १०:१५

मंडळी, परत आले! आई-बाबा परवा ठाण्याला पोचले. वृत्तांत लिहायचं कबूल केलं नव्हतं, पण तुमच्याशिवाय हे झालंच नसतं.

सेटल-कार्लाइल मंगळवारी केली. रिबलहेडला ढग इतके खाली होते की कमानी दिसल्याच नाहीत, फक्त गाडी पुलावर आली तसा आवाज बदलला आणि बाबा म्हणाले, "आता खाली जमीन नाही." गार्सडेलला गार्डने आईला दरवाज्यापर्यंत आणून रस्वार्प दाखवला. आई त्याला नमस्कार करून परत जागेवर बसली.

सिस्टर, तुमच्याकडे यायला जमलं नाही, आईचा गुडघा त्या दिवशी सुजला होता. पुढच्या वेळी नक्की.

न्यूटन-ल-विलोजचं काय लिहू! मन्यादादा थालीपीठं घेऊन खरंच व्हिक्टोरियाला आले होते. अर्ल्सटाउनहून टॅक्सी केली. व्हल्कन व्हिलेज म्हणजे विटांच्या घरांच्या छोट्या ओळी, मध्ये हिरवळ. एक वयस्क बाई दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी सांगितलं की बाबांनी इथे बनलेली इंजिनं मुंबईजवळ दुरुस्त केली. त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि म्हणाल्या, माझे वडील इथे फिटर होते. दोघांना एकमेकांचं इंग्रजी धड कळत नव्हतं. बाबांनी हाताने पाना फिरवायची खूण केली, त्यांनीही तशीच केली. मग बराच वेळ दोघं अंगणात उभे राहून बेअरिंगबद्दल बोलत होते, मी फक्त मधे मधे शब्द पुरवत होते.

परतीच्या गाडीत बाबांनी अर्धं थालीपीठ गार्डला दिलं. त्याने ते उभ्या उभ्याच खाल्लं.

---

बॅरोची_सिस्टर | २९ जून, रात्री १०:५०

गुडघा आता कसा आहे आईंचा? शेक चालू ठेवा. आणि पुढच्या वेळी येण्याआधी मला सांग, भरतीची वेळ बघून गाडी ठरवू.

---

गाडीवेडा_डोंबिवली | ३० जून, सकाळी ६:१०

वैदेही, बाबांचा पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. येत्या रविवारी ठाण्याला येतोय. त्यांच्याकडून खेकड्याची सगळी हकीकत लिहून घ्यायची आहे.